कोतवाल बुकातला गडी

पालघरजवळच्या माकुणसार गावातल्या एखाद्या मजूर कुटुंबाला आपल्या पणजोबाचा माग काढायचा असेल, तर वंशावळीच्या वह्या सापडत नाहीत. हाती लागतं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14. त्यात जन्म-मृत्यूची नोंद, बापाचं नाव आणि जात. जमिनीच्या कागदांवर बहुतेक वेळा नाव सावकाराचं. राबणारा तिथे नसतोच.

त्याचं आयुष्य सावकाराच्या कर्जखतांत सापडतं. जुन्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढणारा आदिवासी तरुण ‘लग्नगडी’ व्हायचा. कर्ज फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं, आणि ते बहुधा फिटायचंच नाही. 1930 च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. सरकारला हे ठाऊक होतं, तरी काही वर्षं हललं नाही. हे विसरता कामा नये.

हलवलं ते तिथल्या वारली आदिवासींनीच. मे 1945 मध्ये याच जिल्ह्यातल्या झरी इथे हजारो वारली जमले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. वेठबिगार करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. वेठबिगारीविरुद्धचा देशव्यापी कायदा मात्र 1976 साली आला.

आज तीच जीर्ण कोतवाल बुकं जात पडताळणीसाठी पुन्हा उघडली जातात. पणतीच्या कॉलेज प्रवेशाला आधार असतो तो 1950 पूर्वीच्या त्या एका ओळीचा.