बस क्रमांक २८५७ : रोझा पार्क्स यांच्या बसचा माग कसा लागला

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डिअरबर्न नावाचे शहर आहे. तिथल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात हिरव्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाची एक जुनी सिटी बस उभी आहे. लोक आत चढतात, सीटवर बसतात, फोटो काढतात. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी ज्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, तीच ही बस. २०१२ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा याच बसमध्ये येऊन बसले होते. तो फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आज चकचकीत दिसणारी ही बस सुमारे तीस वर्षे उघड्यावर गंजत पडली होती. तिला काचा नव्हत्या, इंजिन नव्हते. हीच ती बस, हे सांगणारा सरकारी कागदही हाताशी नव्हता. मग ती ओळखली कशी? आपल्या चळवळीतील वस्तू, पत्रे आणि फोटो जपू पाहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला याचे उत्तर उपयोगी पडेल, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र मांडत आहोत.

त्या संध्याकाळी काय घडले

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात बसच्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. मागच्या जागा कृष्णवर्णीयांच्या. मधल्या रांगेत कृष्णवर्णीय बसू शकत, पण गोऱ्याला जागा कमी पडली की ड्रायव्हरच्या हुकुमावर उठावे लागे. पैसे पुढच्या दाराशी द्यायचे आणि पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने चढायचे, असाही प्रकार चाले.

रोझा पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या. एका मोठ्या दुकानात त्या शिवणकाम करत. काम सुटल्यावर त्या क्लीव्हलँड अ‍ॅव्हेन्यूच्या बसमध्ये चढल्या आणि राखीव जागांच्या लगेच मागच्या रांगेत बसल्या. पुढच्या थांब्यांवर गोऱ्यांच्या जागा भरल्या आणि एक गोरा प्रवासी उभा राहिला. त्या एकासाठी ड्रायव्हर जेम्स ब्लेक याने चौघांना उठायला सांगितले. तिघे उठले, रोझा पार्क्स उठल्या नाहीत. पोलिसांना बोलावून त्यांना अटक करण्यात आली. ५ डिसेंबरला कोर्टाने त्यांना दंड आणि खर्च मिळून १४ डॉलर भरायला लावले.

‘पाय दुखत होते म्हणून त्या उठल्या नाहीत’ ही गोष्ट अजूनही सांगितली जाते. ती खरी नाही. त्या थकलेल्या नव्हत्या, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले. एनएएसीपी या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या अनेक वर्षे सचिव होत्या. अन्यायाच्या प्रकरणांची नोंद ठेवणे हेच त्यांचे काम होते. याच ब्लेकने १९४३ साली त्यांना बसमधून उतरवले होते. म्हणजे १९५५ चा नकार एका जाणत्या कार्यकर्तीचा होता.

बस कोणाची होती

ही बस १९४८ साली जनरल मोटर्सने मिशिगनमधील पाँटिअ‍ॅक येथे बनवली. मॉडेल टीडीएच-३६१०. ही अक्षरे वाचायला सोपी आहेत. टी म्हणजे शहरी वाहतुकीची बस, डी म्हणजे डिझेल, एच म्हणजे हायड्रॉलिक गिअर. ३६ म्हणजे प्रवाशांच्या जागा आणि १० म्हणजे मालिका. कारखान्याचा अनुक्रमांक ११३२, तर बस कंपनीने दिलेला क्रमांक २८५७.

माँटगोमेरीची बससेवा शिकागोच्या नॅशनल सिटी लाइन्स या खासगी कंपनीच्या हाताखाली चाले. या कंपनीत जनरल मोटर्सचा पैसा होता. तिला बस आणि इतर माल विकण्याची मक्तेदारी मिळवण्याचा कट केल्याबद्दल जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि काही तेल कंपन्यांना १९४९ साली शिकागोच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. माँटगोमेरीच्या बसमधले सुमारे तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय होते. ज्यांच्या तिकिटावर कंपनी चालत होती, त्यांनाच ती उभे करत होती. बहिष्काराचे हत्यार इतके परिणामकारक का ठरले, ते यावरून कळते.

शेतातली तीस वर्षे

१९७१ च्या सुमारास ही बस सेवेतून काढण्यात आली. माँटगोमेरीच्याच एका रहिवाशाने ती विकत घेतली. ‘ही रोझा पार्क्सची बस आहे,’ असे कंपनीच्या माणसांनी विकताना त्याला सांगितले. त्याने बस आपल्या शेतात नेऊन उभी केली. पुढे लाकूड आणि हत्यारे ठेवायला तिचा वापर झाला. काचा फुटल्या, सीट गेल्या, पत्रा गंजला. पण कुटुंबाने ती भंगारात दिली नाही. ‘ही ती बस आहे’ ही गोष्ट घरात पुढच्या पिढीला सांगितली गेली.

इथे एक अडचण होती. घरात सांगितलेली गोष्ट खरी असू शकते, पण बाहेरचा माणूस ती पुरावा म्हणून मानत नाही. अटकेच्या वेळच्या अधिकृत कागदांत बसचा नंबर मिळत नव्हता. पोलिसांनी बाईचे नाव लिहिले, गुन्हा लिहिला, पण कोणती बस, हे नोंदवण्याची गरज कोणाला वाटली नाही. सत्तेचे कागद सत्तेला हवे तेवढेच लिहितात.

पुरावा निघाला कात्रणांच्या वहीत

पुरावा सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. बहिष्काराच्या काळात माँटगोमेरीच्या बस स्थानकाचा व्यवस्थापक वर्तमानपत्रांतील बातम्या कापून एका वहीत चिकटवत असे. अटकेच्या बातमीच्या बाजूला त्याने हाताने ‘२८५७’ हा आकडा लिहून ठेवला होता. दुसऱ्या एका ठिकाणी ‘ब्लेक’ हे ड्रायव्हरचे आडनाव आणि त्यासोबत तोच आकडा होता.

सप्टेंबर २००१ मध्ये ही बस इंटरनेटवरील लिलावात विकायला येणार असल्याची बातमी आली. हेन्री फोर्ड संग्रहालयाने बोली लावण्याआधी चौकशी केली. इतिहासकारांशी बोलणी झाली. वहीतले लिखाण त्याच काळातले आहे का, हे हस्ताक्षर आणि कागदपत्रांच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतले. संग्रहालयाचा माणूस माँटगोमेरीला जाऊन बस प्रत्यक्ष पाहून आला. खरेदीदाराला सांगितलेली गोष्ट आणि व्यवस्थापकाने लिहिलेला नंबर, या दोन धाग्यांची एकाच बसवर गाठ पडली.

ही वही चळवळीच्या बाजूच्या माणसाची नव्हती, हेही लक्षात घ्या. ज्या कंपनीविरुद्ध बहिष्कार होता, तिच्याच व्यवस्थापकाची ती वही. विरोधकांच्या घरातले कागदही कधी कधी आपल्या इतिहासाचे साक्षीदार ठरतात.

लिलाव आणि दुरुस्ती

ऑक्टोबर २००१ मध्ये लिलाव झाला. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था आणि डेन्व्हर शहरही बोली लावत होते. २६ ऑक्टोबरच्या पहाटे हेन्री फोर्ड संग्रहालयाने ४ लाख ९२ हजार डॉलरला बस मिळवली. ती कात्रणांची वहीसुद्धा संग्रहालयाने घेतली. वही नसेल तर बस म्हणजे नुसता पत्रा, हे त्यांना ठाऊक होते.

त्यानंतर प्रश्न आला की बस आहे तशी गंजलेली ठेवायची, की १९५५ सारखी करायची. संग्रहालयाने दुसरा मार्ग घेतला. राष्ट्रीय ठेव्याच्या जतनासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून त्यासाठी अनुदान मिळाले. गंज काढला, पत्रा दुरुस्त केला, जे भाग उरलेच नव्हते ते त्याच बनावटीच्या इतर जुन्या बसमधून आणले, रंग पूर्वीचा दिला. १ फेब्रुवारी २००३ रोजी बस लोकांसाठी खुली झाली.

दुरुस्तीने बसमध्ये बसण्याचा अनुभव मिळाला. पण शेतातल्या तीस वर्षांच्या खुणा पुसल्या गेल्या. चकचकीत बस पाहणाऱ्याला वाटते की देशाने ही वस्तू पहिल्यापासून जपली. तसे झालेले नाही. ती आधी टाकून दिली गेली आणि नंतर लाखो डॉलरला विकत घेतली गेली. हा टाकून देण्याचा काळही इतिहासाचाच भाग आहे.

बस उभी आहे त्या डिअरबर्नचाही एक इतिहास आहे. १९४२ ते १९७८ या काळात ऑर्व्हिल हबर्ड हे तिथले महापौर होते. कृष्णवर्णीयांना आपल्या शहरात राहू द्यायचे नाही, ही त्यांची उघड भूमिका होती. रोझा पार्क्स १९५७ साली शेजारच्या डेट्रॉईटमध्ये राहायला आल्या आणि २००५ साली तिथेच वारल्या. भेदभाव फक्त दक्षिणेत होता, असे मानण्याचे कारण नाही.

एका बसमागे झाकलेली नावे

एकच बस प्रसिद्ध झाली की बाकीच्या विस्मरणात जातात. २ मार्च १९५५ रोजी, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने माँटगोमेरीच्याच बसमध्ये जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांच्या मेरी लुईस स्मिथ हिने तेच केले.

बसमधील भेदभाव कायद्याने संपला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्यामुळे. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, क्लॉडेट कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघी त्यात वादी होत्या. रोझा पार्क्स यांचे नाव त्यात नव्हते. वकील होते फ्रेड ग्रे. अटकेनंतर रातोरात हजारो पत्रके छापून बहिष्काराची हाक देणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिका होत्या. रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवायला धावलेले ई. डी. निक्सन रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत हमालीचे काम करत.

आणि ३८१ दिवस लोक प्रवास कसा करत होते? बरेच चालत गेले. बाकीच्यांसाठी सुमारे ३०० खासगी गाड्यांची साखळी उभी राहिली. नंतर चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेण्यात आल्या. लोक त्यांना ‘चालती चर्च’ म्हणत. या गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा घेतला गेला. शेवटी ही साखळीच बेकायदा ठरवण्यासाठी शहर प्रशासन कोर्टात गेले. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी ती सुनावणी चालू असतानाच बातमी आली की सर्वोच्च न्यायालयाने बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरवला आहे. २१ डिसेंबरपासून लोक हव्या त्या जागेवर बसू लागले. त्या ३०० गाड्यांच्या ड्रायव्हरांशिवाय बस क्रमांक २८५७ ची गोष्ट पूर्ण होत नाही.

आपण काय करायचे

१९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे करत असलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यु बॉईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर दिले. हा पत्रव्यवहार आज आपण वाचू शकतो, कारण ड्यु बॉईस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नीट जपले गेले. जपणूक झाली म्हणून दोन चळवळींमधले नाते पुराव्यासह सांगता येते.

आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांमध्ये, जुन्या कार्यकर्त्यांच्या घरात परिषदांचे फोटो आहेत, पत्रके आहेत, सभासद पावत्या आहेत, जुनी वाहने आहेत. ‘बाबासाहेब या गाडीत बसले होते’, ‘ही खुर्ची त्या सभेतली’ असे सांगितले जाते. ते खरे असेल तर सिद्ध करता आले पाहिजे. खरे नसेल तर तसे सांगण्याची हिंमतही पाहिजे. खोट्या अवशेषांनी बाबासाहेबांचे मोठेपण वाढत नाही.

२८५७ च्या तपासातून आम्हाला दिसलेली पद्धत अशी :

१. आधी वस्तूवरचा नंबर पाहा. वाहन असेल तर चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुक. रंग आणि नंबर प्लेट बदलता येते.

२. मालकांची साखळी लावा. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली, कोणत्या कागदाने. मध्ये खंड असेल तर तो खंड म्हणूनच लिहा.

३. घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे मोबाईलवर रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याचे नाव, तारीख, आणि ते त्यांनी स्वतः पाहिले की ऐकले, हे नोंदवा.

४. त्याच काळातला दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधा. वर्तमानपत्र, पावती, डायरी, फोटोच्या मागचे लिखाण. दोन वेगळे धागे एकाच वस्तूपाशी आले तरच दावा करा.

५. दुरुस्तीआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काय जुने आणि काय नवे बसवले, याची यादी वस्तूसोबतच ठेवा.

६. वस्तू आणि तिचे कागद वेगळे करू नका.

बस स्थानकाच्या त्या व्यवस्थापकाने बातमीशेजारी चार आकडे लिहिले. त्यासाठी त्याला मिनिटही लागले नसेल. येत्या रविवारी आपल्या विहारात जुने फोटो घेऊन बसा, ज्येष्ठांना विचारा आणि प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.