आजीच्या बोटाची शाई

भाईंदरच्या आमच्या खोलीत दिवे गेले की आजी गोव्यात जायची. तिचं माहेर मार्दोळकडचं. सुपातले तांदूळ अंधारातही चाचपून निवडत ती सांगायची, "पाखल्यांनी बाणस्तारीचा पूल उडवला, तेव्हा फळीवरची भांडी वाजली." ते १८ डिसेंबर १९६१. वेळ मात्र कधी पहाटेची असायची, कधी पेजेची. आम्ही कधी टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नर वासालो इ सिल्वा भारतीय सैन्याला शरण आला आणि ४५१ वर्षांचा अंमल संपला. आमच्या उत्तन-डोंगरीवरची फिरंगी सत्ता चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ सालीच गेली होती. "तुमी नशीबवान," आजी म्हणायची.

मग लष्करी गव्हर्नर आले, मेजर जनरल कँडेथ. आजी त्यांना 'कांदेत' म्हणे. रस्त्यावरच्या जवानांना पणजीनं उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं लोणचं दिलं, असं घरात सांगतात. पणजोबांना मात्र घोर लागलेला. एकदा बंदूकवाला खुर्चीत बसला की उठतो थोडाच?

पण कँडेथ उठले. ६ जून १९६२ ला, सहा महिन्यांच्या आत, मुलकी नायब राज्यपालांकडे कारभार सोपवून ते गेले. त्यांना दिल्लीच्या निवडून आलेल्या सरकारनंच बसवलं होतं, हे खरं. तरी पुढे १९९९ च्या मे महिन्यात नायजेरियात जनरल अबुबकर यांनी निवडून आलेल्या ओबासांजोंच्या हाती सत्ता दिली, ती बातमी वाचताना मला पणजोबाच आठवले. तिथल्याही किती घरांत असा घोर लागला असेल!

९ डिसेंबर १९६३ ला गोव्यात विधानसभेसाठी मतदान झालं. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची निशाणी सिंह, युनायटेड गोवन्सची हात. पुढे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मतदानाच्या दिवशी आजी नव्या नवरीसारखी नऊवारी नेसून, अबोलीचा वळेसर माळून निघाली. तोवर तिचं मत कुणी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही. परत आल्यावर तिनं नारळ खवला, माशांचं हुमण रांधलं, पण शाईचं बोट पाण्याला लागू दिलं नाही.

"सिंह की हात?" आम्ही दर वेळी विचारायचो. आजी सूप पाखडत राहायची.

"घोवाक लेगीत सांगूंक ना."