काकीनाड्याचे व्यापारी, हैदराबादचा वर्ग आणि गल्ल्याची किल्ली

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: लहान उद्योजकांसाठी घेतली जाणारी प्रशिक्षण शिबिरं. तुमच्यापैकी अनेकांनी अशा एखाद्या शिबिरात दोन-तीन दिवस काढले असतील. फाईल, पेन, चहा-बिस्किटं, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. घरी आल्यावर प्रश्न एकच पडतो, की यातून खरंच काही होतं का? गंमत म्हणजे हा प्रश्न आपल्या देशात साठ वर्षांपूर्वी अगदी पद्धतशीर तपासला गेला होता. त्याचं उत्तर जे मिळालं, ते आजही उपयोगाचं आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. स्वातंत्र्यानंतर लघुउद्योग वाढवायचे असं सरकारनं ठरवलं. 1954 च्या सुमारास त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली. 1955 मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ आलं. त्याच वर्षी ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले द. गो. कर्वे, म्हणून ती कर्वे समिती. यंत्रं हप्त्यानं द्या, शेड बांधा, कच्चा माल पुरवा, तांत्रिक सल्ला द्या, असा त्या काळातला एकूण विचार. पण शेड बांधून झाली तरी धंदा काढणारा माणूस कुठून आणायचा? या लहान उद्योगांना मदत करणारे अधिकारी तयार करण्यासाठी एक संस्था निघाली आणि 1962 मध्ये ती हैदराबादला आली. तिचं संक्षिप्त नाव 'सिएट'. आज ती राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग संस्था म्हणून ओळखली जाते.

इथे आपल्या गोष्टीत येतात डेव्हिड मॅक्लेलंड, हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसांना एखादं काम आधीपेक्षा चांगलं करून दाखवण्याची आतून ओढ असते. पैसा त्यांना हवा असतो, पण आपलं कुठवर आलंय हे मोजायची पट्टी म्हणून. ही ओढ जन्मजात नसते, मोठ्या वयातही ती शिकवता येते, असा त्यांचा दावा होता. दावा मोठा होता आणि तो तपासायला त्यांनी जागा निवडली आंध्रच्या किनाऱ्यावरचं काकीनाडा.

त्या वेळी काकीनाडा म्हणजे लाख-सव्वालाख वस्तीचं बंदराचं गाव. 1964 मध्ये तिथले पन्नासएक व्यापारी आणि कारखानदार तुकड्या-तुकड्यांनी हैदराबादला सिएटमध्ये आले. साधारण दहा दिवसांचा निवासी वर्ग. तुलनेसाठी जवळच्या राजमहेंद्रीतले, वर्गाला न आलेले व्यावसायिकही अभ्यासात घेतले. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. नाहीतर बाजार तेजीत आला आणि सगळ्यांचाच धंदा वाढला, तरी शिबिरवाले म्हणणार, 'बघा, आमच्यामुळे!'

आता या वर्गात शिकवायचे काय? हिशेब? नाही. विक्रीकर? तोही नाही. पहिल्यांदा एक चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, यावर गोष्ट लिहा. मग त्या गोष्टी तपासायच्या: तुमच्या नायकाला काही साध्य करायचंय का? वाटेत अडचण काय आहे? तो स्वतः हातपाय हलवतो, की नशिबावर सोडून देतो? माणसं आपल्याच गोष्टीत स्वतःला वाचायला लागायची.

दुसरा होता खेळ. जमिनीत एक खुंटी, हातात कड्या. कुठूनही फेका, अंतर तुम्ही ठरवा. कुणी खुंटीला चिकटून उभा राहतो, कडी पडणारच. कुणी पार लांबून फेकतो, पडली तर नशीब. आणि कुणी अशी जागा शोधतो, की नेम साधला तर पडेल, नाहीतर नाही. मॅक्लेलंड यांच्या मते उद्योजकाची जोखीम ही अशी, मधल्या अंतरावरची. हे व्याख्यानात सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. हातात कडी घेऊन उभं राहिलं, की आपण कुठे उभे राहतो ते प्रत्येकाला आपोआप दिसतं.

शेवटी प्रत्येकानं पुढच्या दोन वर्षांत काय करणार, ते लिहून द्यायचं.

मग निकाल काय लागला? पुढच्या दोन वर्षांत नवा धंदा काढणं, धंद्यात मोठा बदल करणं, अशी ठळक हालचाल प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांनी केली. न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण पावाच्या आसपास होतं. मॅक्लेलंड आणि डेव्हिड विंटर यांनी 1969 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. माणसाच्या परंपरागत श्रद्धा या बदलाच्या आड आल्या नाहीत, असंही त्यांना आढळलं. 'हिंदुस्थानी माणूस दैववादी, त्याला धंदा काय जमणार' असं बोलायची तेव्हा फॅशन होती. तिला हे चांगलं उत्तर होतं.

पण मंडळी, त्या पुस्तकातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे आणि तो सांगायला लोक विसरतात. प्रशिक्षणाचा गुण आला तो मुख्यतः ज्यांच्या हातात धंद्याचे निर्णय होते त्यांना. जे दुकानात बसत होते, पण शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाचा होता, त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. उत्साह तोच, वर्ग तोच, खेळ तोच. पण घरी गेल्यावर गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! तो बिचारा करणार काय?

गुजरातनं यातला एक धागा उचलला. 1970 च्या सुमारास तिथल्या सरकारी महामंडळांनी तंत्रज्ञांना तारणाशिवाय कर्ज देऊन उद्योजक करायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं, की नुसतं कर्ज पुरत नाही आणि नुसता वर्गही पुरत नाही. म्हणून निवड, प्रशिक्षण आणि कर्ज यांची सांगड घातली. त्यातूनच पुढे डॉ. व्ही. जी. पटेल यांच्या नेतृत्वाखाली 1983 मध्ये अहमदाबादची भारतीय उद्यमिता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात 1988 मध्ये औरंगाबादला उद्योजकता विकास केंद्र आलं, ते याच वाटेनं.

आता किल्लीचा धागा. तो पुन्हा सापडतो थेट आपल्या शेजारी, तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांत. 2008 पासून अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. काही कारखान्यांना पाच महिने फुकट सल्लागार दिले, काहींना फक्त महिनाभराची पाहणी. सल्ला अगदी साधा होता. सुताचा साठा मोजा, कापडातले दोष रोज लिहा, जमीन साफ ठेवा, यंत्र बंद पडायच्या आधी देखभाल करा, रोज बैठक घ्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता साधारण 17 टक्क्यांनी वाढली. मग हे आधी का केलं नव्हतं? अनेक मालकांना ही गरजच वाटत नव्हती. चाललंय ना बरं! आणि दुसरी गोष्ट म्हणजे या कंपन्या किती मोठ्या होणार, हे मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर ठरत होतं. कारण पगारी मॅनेजरच्या हातात निर्णय द्यायला मालक तयार नव्हते.

जवळपास नऊ वर्षांनी तेच अभ्यासक परत गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या मागे पडल्या होत्या. एक मोठं कारण म्हणजे शिकलेला मॅनेजर नोकरी सोडून गेला. तरीही हे कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते, हेही सांगायला हवं.

बायकांच्या बाबतीत ही किल्ली आणखी घट्ट धरलेली असते. 2006 मध्ये अहमदाबादच्या सेवा बँकेच्या सभासद महिलांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना सांगितलं, मैत्रिणीला घेऊन या. चार महिन्यांनी पाहिलं, तर फरक दिसला तो मैत्रिणीबरोबर आलेल्यांमध्ये. त्यांनी धंद्यासाठी कर्ज जास्त घेतलं आणि त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं होतं. ज्यांच्या समाजात बाईच्या येण्याजाण्यावर बंधनं जास्त, त्यांना मैत्रिणीचा उपयोग अधिक झाला. घरी जे एकटीला बोलता येत नाही, ते दोघींना बोलता येत असावं, असं मला वाटतं.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की होय, शिबिरातून होतं काहीतरी. पण शिकलेला माणूस सोमवारी सकाळी जिथे परततो, तिथे त्याला काय करू दिलं जातं, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून तुम्ही मालक असाल आणि मुलाला, सुनेला किंवा मॅनेजरला शिबिराला पाठवणार असाल, तर आधीच ठरवा, की परत आल्यावर कोणता एक निर्णय तुम्ही त्यांच्यावर पूर्ण सोपवणार. खरेदी म्हणा, उधारीची मर्यादा म्हणा, काहीही. आणि तुम्हालाच कुणी पाठवत असेल, तर फी भरायच्या आधी हे विचारून घ्या.

तुमच्या दुकानात, कारखान्यात किल्ली कुणाकडे आहे, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.