वाहनांचा धूर आणि तुमचा श्वास: नियम काय सांगतात, जबाबदारी कोणाची?

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असेल, तर वाहनांच्या धुराचे नियम हा फक्त आरटीओचा विषय राहत नाही. औषधे वेळेवर घेऊनही खोकला, घरघर किंवा धाप कमी होत नसेल, तर बाहेरची हवा हे त्याचे एक कारण असू शकते. अशा वेळी अनेक रुग्ण ‘औषध लागू पडत नाही’ असे समजून इन्हेलर स्वतःच बंद करतात. ते धोक्याचे आहे.

नौपाड्यात हा प्रश्न जास्त का जाणवतो?

गोखले रोड आणि राम मारुती रोडवर दिवसभर गर्दी असते. एका बाजूला ठाणे स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा आणि बस, तर दुसऱ्या बाजूला तीन हात नाका आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की धूर लवकर विरत नाही. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नाही, त्यामुळे धूर आणि धूळ आपल्या नाकाच्या उंचीवरच साचून राहतात.

धुरात काय असते?

- पीएम २.५: केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण. ते फुप्फुसात खोलवर जातात. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोकाही त्यांच्यामुळे वाढतो.
- नायट्रोजन डायऑक्साइड: श्वासनलिकेला सूज आणतो, दमा बळावतो.
- कार्बन मोनॉक्साइड: रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करतो. हृदयरोग्यांना याचा त्रास लवकर होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवले आहे.

नियम काय आहेत?

१ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना भारत स्टेज ६ (बीएस ६) मानके लागू झाली. इंधनातील गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि कणांची २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. हा मोठा बदल आहे. पण तो नव्या वाहनांपुरता आहे; त्याआधीची वाहने अजून रस्त्यावर आहेत.

रस्त्यावरच्या वाहनांसाठी पीयूसी प्रमाणपत्र लागते. नव्या वाहनाला पहिले वर्ष ते लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ वाहनांची तपासणी वर्षातून एकदा, तर त्याहून जुन्या वाहनांची दर सहा महिन्यांनी करावी लागते. उल्लंघनासाठी कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पीयूसी आहे म्हणजे धूर निरुपद्रवी आहे का?

नाही. ही तपासणी गाडी उभी असताना होते. पेट्रोल वाहनात मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल वाहनात धुराचा दाटपणा पाहिला जातो. नायट्रोजन ऑक्साइड किंवा पीएम २.५ त्यात मोजले जात नाहीत. टायर आणि ब्रेकची झीज, रस्त्यावरची धूळ हेही त्यात येत नाही. प्रत्येक गाडी नियमात बसली, तरी गाड्यांची संख्या वाढत गेली की हवा बिघडतेच.

मग जबाबदारी कोणाची?

- शासन आणि महापालिका: भरवशाची बससेवा, चालता येतील असे पदपथ, अवजड वाहनांच्या वेळांचे नियमन आणि धुळीवर नियंत्रण. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहनांवर बंदी घालता येईल का, हे तपासण्यासाठी राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये सात जणांची समिती नेमली. ठाणे या प्रदेशातच येते.
- वाहनमालक: वेळेवर सर्व्हिसिंग आणि खरी पीयूसी तपासणी. धूर गाळणारा फिल्टर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका.
- आपण सगळे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्यावरच नीट काम करतो. त्यामुळे स्टेशनपर्यंतच्या एक-दीड किलोमीटरसाठी गाडी काढली, तर तेवढ्या अंतरात तुलनेने जास्त धूर होतो. शक्य असेल तेव्हा चाला. शाळेबाहेर किंवा दवाखान्यासमोर थांबताना इंजिन बंद करा. मुलांचे नाक सायलेन्सरच्या जास्त जवळ असते.

रुग्णाने फक्त मास्क लावून घरात बसावे आणि बाकीच्यांनी काहीच बदलू नये, हे न्याय्य नाही आणि पुरेसेही नाही.

रुग्णांनी काय काळजी घ्यावी?

- केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा निर्देशांक पाहा. १०१ ते २०० ला ‘मध्यम’ म्हणतात. पण दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना, लहान मुलांना आणि ज्येष्ठांना तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो.
- फिरायला मुख्य रस्ता टाळून आतल्या गल्लीने किंवा मैदानात जा. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर निघा.
- गर्दीच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवा. रहदारी कमी झाल्यावर उघडा.
- बाहेर जाताना नीट बसणारा एन९५ मास्क वापरा. मास्कमुळे धाप वाढत असेल, तर डॉक्टरांना विचारा.
- रोजचा इन्हेलर बरे वाटले तरी स्वतःहून बंद करू नका. तातडीचा इन्हेलर खिशात ठेवा.
- फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तातडीचा इन्हेलर आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग येत असेल किंवा नेहमीचा जिना चढणे जड जात असेल, तर लवकर भेट घ्या. घर रस्त्यालगत आहे का, कामानिमित्त किती वेळ रहदारीत जातो, हेही सांगा. त्यावरून उपचार बदलावे लागू शकतात.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, इन्हेलर घेऊनही आराम नसेल किंवा छातीत दाब येऊन दुखत असेल, तर वाट पाहू नका. लगेच १०८ वर फोन करा किंवा जवळचे रुग्णालय गाठा.