चाळशीची कड

मराठीत चष्म्याला एक जुना, झकास शब्द आहे: चाळशी. सरळ 'चाळीस'वरून आलेला. चाळिशी उलटली की पोथी हातभर लांब धरावी लागते, हे आपल्या भाषेने डॉक्टरांच्या आधीच नोंदवून ठेवलंय. (या पानाचे बरेचसे वाचक त्या आकड्यापासून अजून लांब आहेत. पण काळजी नसावी, दिवसाचे दहा तास मॉनिटर आहेच मदतीला.)

आज मात्र चष्म्याच्या नंबराबद्दल नाही, त्याच्या कडेबद्दल लिहायचंय. लेन्स दुकानात येते ती गोल चकतीच्या रूपात, साधारण ६५ ते ७० मिलिमीटर व्यासाची. आपण निवडलेल्या फ्रेमच्या आकारात ती घासून बसवावी लागते. दुकानदार याला 'फिटिंग' म्हणतात आणि ज्या मशीनवर ते होतं त्याला एजर. आता समजा, यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला किंवा वणीला, कुणाला चष्म्याची लॅब टाकायची आहे. कुठला एजर घ्यावा? प्रश्न कॅटलॉग आणि बजेटचा वाटतो. पण खोलात गेलं की लक्षात येतं, हा प्रश्न इतिहासाचा आहे. कारण बाजारात आज जी तीन-चार प्रकारची मशीनं मिळतात, ती म्हणजे या धंद्याचे तीन-चार कालखंडच आहेत, शेजारी शेजारी मांडून ठेवलेले.

सुरुवात लांबून करू. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर एक निबंध लिहिला होता. अत्तरापासून बैलगाडीपर्यंत कशाचाही इतिहास खणून काढणारा हा माणूस. विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातले व्यासतीर्थ १५२० च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथात आहे, तो गोड्यांनी पुढे आणला. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली, तेव्हा चष्मा त्यांच्याकडून आला असणं सहज शक्य आहे. इटलीत चष्मा जन्मला तो तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे यायला त्याला सव्वादोनशे वर्षं लागली.

त्या काळात कडेचा प्रश्न फारसा नव्हताच. भिंग गोल, चौकट गोल. वर्तुळाला एकच माप लागतं, व्यास. शिवाय गोल भिंग फ्रेममध्ये फिरलं तरी बिघडत नाही, सगळीकडून सारखंच. खरी गोची सुरू झाली १८२५ च्या सुमारास. जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वतःच्या डाव्या डोळ्यातला दोष मोजला आणि त्यासाठी सिलिंड्रिकल भिंग बनवून घेतलं. आपल्या प्रिस्क्रिप्शनवर 'सिलिंडर' आणि 'अ‍ॅक्सिस' असे दोन रकाने असतात ना, ते इथून आले. हे भिंग थोडं जरी फिरलं तरी नंबर चुकला. म्हणजे आता भिंग नुसतं मापात घासून चालणार नव्हतं, ते कुठल्या दिशेने धरून घासायचं हेही महत्त्वाचं झालं.

हे सगळं काम बराच काळ हातानेच होत असे. काच हिऱ्याच्या टोकाने कापायची, उरलेली कड पकडीने कुरतडून काढायची आणि मग ओल्या दगडी चाकावर फिरवत फिरवत फ्रेमचा आकार आणायचा. मधूनमधून फ्रेमला लावून बघायचं. जास्त घासलं गेलं तर लेन्स वाया. इथे आकाराचं ज्ञान कारागिराच्या बोटांत होतं. हँड एजर आजही मिळतो, आणि मोठमोठ्या लॅबमध्येही शेवटचा हात मारायला तो बाजूला ठेवलेला असतो.

दुसरी पिढी फर्म्याची. प्लॅस्टिकचा, फ्रेमच्या आकाराचा एक तुकडा मशीनच्या आसावर बसवायचा आणि त्याच आसावर लेन्स. दोघं एकत्र फिरतात. फर्मा टेकला की लेन्सचं घासणं तिथे थांबतं. रस्त्याकडेला बसून डुप्लिकेट किल्ली करून देणारा माणूस पाहिलाय? अगदी तेच तत्त्व. आकार बोटांतून निघून फर्म्यात आला. पण प्रत्येक फ्रेमचा फर्मा वेगळा, त्यामुळे दुकानाच्या भिंतीवर फर्म्यांची माळ.

मधल्या काळात लेन्स स्वतःच बदलली. सीआर-३९ हे प्लॅस्टिक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालं, आणि आधी वापरलं गेलं ते बॉम्बर विमानांच्या इंधनटाक्यांसाठी. त्याच्या लेन्स १९४७ नंतर बाजारात आल्या. वजन काचेच्या जवळपास निम्मं. पुढे पॉलिकार्बोनेट आलं, त्याहून हलकं आणि न फुटणारं, पण घासायला महा-चिवट. भुकटी होण्याऐवजी तापून चाकाला चिकटतं, म्हणून त्याचं पहिलं कापणं कोरडं आणि वेगळ्या चाकावर. एजर घेताना 'पॉलिकार्बोनेट चालतं का?' हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

तिसरी पिढी आमच्या जातीची, म्हणजे सॉफ्टवेअरची. १९८० नंतर फर्म्याशिवाय चालणारी मशीनं आली. एक बारीक सुई फ्रेमच्या खाचेतून गोल फिरते आणि मध्यापासूनचं अंतर नोंदवत जाते. याला ट्रेसर म्हणतात. एका डोळ्यासाठी साधारणपणे ४०० बिंदू, प्रत्येक अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकमेकांशी बोलावीत म्हणून त्याचा एक सामायिक फॉरमॅट ठरलेला आहे, आणि तो चक्क साध्या टेक्स्टचा: डावीकडे लेबल, मग बरोबरचं चिन्ह, मग अर्धविरामांनी तोडलेले आकडे. हिशेब करून बघा: ४०० आकडे, प्रत्येकी चार अंक आणि एक अर्धविराम, म्हणजे २००० अक्षरं. तेरा एसएमएसमध्ये एका डोळ्याची फ्रेम! भिंतीवरची फर्म्यांची माळ एका फाइलमध्ये आली.

आणि एकदा आकाराची फाइल झाली, की लेन्स त्याच गावात घासायची गरज उरत नाही. ही चौथी पिढी. लेन्सकार्टचा राजस्थानातल्या भिवाडीचा कारखाना हेच करतो: ऑर्डर देशभरातून, घासणं एका ठिकाणी, स्वयंचलित मशीनांवर, आणि चष्मा कुरियरने घरी. हिंजवडीत बसलेल्या माणसाला याहून सोयीचं काही नाही.

इथे यवतमाळला येऊ. सोळा तालुक्यांचा जिल्हा. उमरखेडहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर, यवतमाळहून नागपूर दीडशेच्या आसपास. तेरा एसएमएसची फाइल पुसदहून नागपूरला एका सेकंदात जाईल हो, पण लेन्स परत यायची ती रस्त्यानेच. आणि चष्म्याचा गिऱ्हाईक? तो बाजाराच्या दिवशी आलेला असतो. झरी-जामणीकडच्या एखाद्या गावातून वणीला आलेल्या बाईला 'गुरुवारी या' म्हणणं म्हणजे आणखी एक दिवसाची मजुरी आणि आणखी एकदा एसटीचं तिकीट. कापूस वेचणीच्या दिवसांत ती गुरुवारी येईलच याची खात्री कोण देणार? न नेलेला चष्मा कितीही अचूक घासलेला असला तरी त्याचा उपयोग शून्य.

हा भावनेचा मुद्दा नाही, रोजीरोटीचा आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. निम्म्यांना जवळचा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची तोडणी दुसऱ्या गटापेक्षा सव्वापाच किलोने, म्हणजे २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. कापूस म्हणजे चहा नव्हे, हे मान्य. पण सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचणं, ही कामं आपल्याकडेही चाळिशीनंतरच अडतात.

मग सगळ्यांना तयार, प्लस दोनचे चष्मे वाटून टाकावेत का? बऱ्याच जणांचं काम त्याने खरंच भागतं, आणि त्याला एजर लागतच नाही. भागत नाही ते दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असलेल्यांचं, सिलिंडरवाल्यांचं आणि शाळेतल्या तपासणीत सापडलेल्या मुलांचं. त्यांच्यासाठी लेन्स घासावीच लागते, आणि ती घासण्याची सोय जितकी जवळ तितकी बरी.

आता खरेदी. इतिहासातून मला कळलेली गोष्ट अशी: प्रत्येक नव्या मशीनने कौशल्य एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवलं. बोटांतून फर्म्यात, फर्म्यातून फाइलीत, फाइलीतून दूरच्या कारखान्यात. पण एक काम कुठेच हललं नाही: लेन्सचा मध्य बुबुळासमोर आणणं. प्रेंटिसचा नियम सांगतो, लेन्सचा मध्य जितके सेंटिमीटर सरकला, गुणिले नंबर, तितका प्रिझम. तीन नंबरची लेन्स पाच मिलिमीटर सरकली की दीड प्रिझम, आणि चष्मा लावल्यावर डोकं धरणार. यात दोष एजरचा नसतो. त्याला जिथे धरून दिलं तिथे तो इमानेइतबारे घासतो. आमच्या भाषेत, इनपुट चुकलं तर आउटपुट चुकणारच. म्हणून पहिला पैसा चांगल्या लेन्सोमीटरवर आणि पीडी नीट मोजणाऱ्या माणसावर खर्च व्हावा. एजर त्यानंतर.

एजर निवडताना कॅटलॉगमधल्या फीचर्सच्या यादीपेक्षा तीन साधे प्रश्न बरे. वीज गेली किंवा व्होल्टेज हललं तर काय? विदर्भाने २००० च्या दशकातलं भारनियमन सोसलंय. पाणी किती लागतं? २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्याची काय दशा होती ते आठवा; टाकीतलं पाणी गाळून पुन्हा वापरणारं मशीन इथे चैन नाही. आणि बिघडलं तर मेकॅनिक कुठून येणार, किती दिवसांत?

माझं उत्तर विचाराल तर: ट्रेसर जोडलेला एक छोटा ऑटो एजर, शेजारी साधा हँड एजर, आणि नेहमीच्या नंबरांच्या चकत्यांचा भरपूर साठा. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह असली अवघड कामं खुशाल नागपूरला पाठवावीत. ऑटो एजर रुसला तर हँड एजरवर काम चालतं, पण त्यासाठी हाताने घासता येणारा एक माणूस लॅबमध्ये हवा. त्या पोराला पहिले सहा महिने हातानेच घासायला लावा. लेन्स थोड्या वाया जातील, तो खर्च मशीनच्या किमतीतच धरा.

भिवाडीचा कारखाना वाईट नाही, उलट अचाट आहे. पण तो ज्याला पत्ता, पिनकोड आणि चार दिवस थांबायची सवड आहे त्याच्यासाठी बांधलाय. वणीच्या बाजारात आलेल्या बाईकडे सवड असते ती संध्याकाळच्या शेवटच्या एसटीपर्यंत. तेवढ्यात जे मशीन चष्मा हातात देईल, तिच्यासाठी तेच मॉडर्न.