वय, नजर आणि तीन मीटरची चाल : कर्करुग्णाची क्षीणता मोजण्याचा इतिहास

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाला केमोथेरपी झेपेल काय, हा प्रश्न भारतातील कर्करोग रुग्णालयांत रोज विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा दोन गोष्टींवरून दिले जाते : रुग्णाचे वय आणि डॉक्टरांची नजर. या दोन्हींत चूक संभवते आणि ती दोन्ही दिशांना होते. धडधाकट वृद्ध केवळ वयामुळे उपचारांना मुकतो. तर वरवर ठीक दिसणारा, पण आतून खचलेला रुग्ण औषधाच्या पूर्ण मात्रेखाली कोसळतो. ही चूक कमी करण्याच्या प्रयत्नांना पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातील बरीच मोजमापे आपल्या देशाबाहेर घडली आणि नेमका तिथेच आजचा प्रश्न दडलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रासायनिक अस्त्रांच्या अभ्यासातून पुढे आलेल्या नायट्रोजन मस्टर्डपासून केमोथेरपीचे युग सुरू झाले. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांचे सहकारी हे औषध फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरून पाहत होते. गाठ आकसली, तरी रुग्णाचे जगणे सुधारले की नाही, हे कसे ठरवायचे? १९४८ मध्ये त्यांनी यासाठी ० ते १०० अशी दहा-दहाच्या पायऱ्यांची मोजपट्टी वापरली. १०० म्हणजे कोणतीही तक्रार नाही. ७० म्हणजे स्वतःचे स्वतः करता येते, पण कामधंदा जमत नाही. ० म्हणजे मृत्यू. पुढे १९६० मध्ये झुब्रॉड आणि सहकाऱ्यांनी ० ते ४ अशी सुटसुटीत पट्टी मांडली. तिचेच पुढचे रूप आज ‘ईकॉग’ या नावाने जगभरातील केसपेपरांवर दिसते. या पट्ट्यांनी मोठे काम केले. परंतु आकडा लिहिला जात असला, तरी तो येतो डॉक्टरांच्या अंदाजातूनच.

दुसरा प्रवाह कर्करोगापासून दूर, वृद्धांच्या वॉर्डांत वाहत होता. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जोरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या गरिबांच्या इस्पितळातील शेकडो रुग्णांची जबाबदारी आली. त्यांतील अनेक जण बरे न होणारे म्हणून वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होते. वॉरेन यांनी एकेका रुग्णाची नीट तपासणी केली, वर्गवारी लावली आणि त्यांतील कित्येकांना पुन्हा चालते केले. ‘म्हातारपण’ हे निदान नव्हे, हा त्यांचा धडा होता. १९६३ मध्ये सिडनी कॅट्झ यांनी आंघोळ, कपडे घालणे, जेवणे अशा सहा मूलभूत क्रियांची सूची तयार केली. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी पैशांचे व्यवहार, प्रवास, औषधे स्वतः घेणे अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची. १९८४ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स रुबेनस्टाइन यांच्या चमूने अशा सर्वांगीण मूल्यमापनावर आधारलेल्या उपचारांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. वर्षभरानंतर मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४८.३ टक्के, तर या पद्धतीत २३.८ टक्के आढळले.

मग क्षीणता, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत ‘फ्रेल्टी’, म्हणजे नेमके काय? ती व्याधी नव्हे आणि वयही नव्हे. ती शरीराच्या राखीव बळातील तूट आहे. दोन पूल रिकामे असताना सारखेच भक्कम दिसतात. त्यांतील फरक जड वाहन गेल्यावर कळतो. कर्करुग्णाच्या बाबतीत ते जड वाहन म्हणजे शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी. २००१ मध्ये लिंडा फ्राइड यांनी पाच लक्षणे निश्चित केली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, मंद चाल, सैल मूठ आणि कमी हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक आढळल्यास व्यक्ती क्षीण मानावी. त्याच वर्षी कॅनडात आर्नोल्ड मिटनित्स्की आणि केनेथ रॉकवुड यांनी दुसरी वाट धरली : तपासलेल्या उणिवांपैकी किती आढळल्या, याचे साधे गुणोत्तर काढायचे. ४० पैकी १० उणिवा असल्या, तर निर्देशांक ०.२५.

हे दोन प्रवाह एकत्र येण्यास एका विसंगतीने चालना दिली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की अमेरिकेतील कर्करुग्णांपैकी ६३ टक्के ६५ वर्षांवरील होते, पण पाहणीतील औषध-चाचण्यांमध्ये त्यांचा वाटा केवळ २५ टक्के होता. म्हणजे औषधाची मात्रा ठरत होती तुलनेने तरुणांवर आणि दिली जात होती वृद्धांना. २००२ मध्ये इटलीतील लाझारो रेपेत्तो आणि सहकाऱ्यांनी वृद्ध कर्करुग्णांचे सर्वांगीण मूल्यमापन केले. डॉक्टरांच्या पट्टीवर ‘उत्तम’ ठरलेल्या रुग्णांपैकीही ३७.७ टक्क्यांना दैनंदिन व्यवहारांतील एखादे तरी काम जमत नव्हते. नजरेतून निसटणारी क्षीणता अशी प्रथमच आकड्यांत उतरू लागली.

२०११ मध्ये आरती हुरिया यांच्या चमूने ६५ वर्षांवरील ५०० रुग्णांच्या अभ्यासातून केमोथेरपीच्या तीव्र दुष्परिणामांचा अंदाज देणारी गुणपद्धती मांडली. गेल्या सहा महिन्यांत पडला होतात काय, ऐकू नीट येते काय, औषधे स्वतः घेता काय, असे साधे प्रश्न रक्ततपासणीच्या जोडीला आले. या प्रश्नांनी जो धोका ओळखला, तो कार्नोफ्स्की पट्टीला ओळखता आला नव्हता. पुढे २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, ७० वर्षांवरील ७१८ रुग्णांच्या चाचणीने अखेरची शंकाही बरीचशी दूर केली. मूल्यमापनाचा अहवाल आणि त्यावर आधारलेल्या शिफारशी ज्या डॉक्टरांच्या हाती होत्या, त्यांच्या रुग्णांत तीव्र दुष्परिणाम ५१ टक्के होते. ज्यांच्या हाती नव्हत्या, त्यांच्या रुग्णांत ७१ टक्के. अनेकांची सुरुवातीची मात्रा कमी ठेवूनही सहा महिन्यांच्या जगण्यात घट दिसली नाही.

भारतात या इतिहासाचा पुढचा अध्याय मुंबईत सुरू झाला. १९४१ मध्ये स्थापन झालेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली असलेले टाटा स्मारक रुग्णालय येथे २०१८ मध्ये वृद्ध कर्करुग्णांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले. मात्र उपकरण आयात करता येते. त्याचे अंशांकन आयात करता येत नाही. फ्राइड यांच्या निकषांत मंद चाल म्हणजे त्या अमेरिकी समूहातील सर्वांत मंद एक पंचमांश लोकांची चाल. हुरिया यांच्या प्रश्नावलीतील एक प्रश्न शहरातील एक ‘ब्लॉक’ चालण्याविषयी आहे. वाडी-वस्तीवरून आलेल्या शेतकऱ्याला त्या अंतराचा काय बोध व्हावा? स्वयंपाक आणि कपडे धुणे यांवर आधारलेले प्रश्न तर ज्या पुरुषाने ही कामे आयुष्यात कधी केलीच नाहीत, त्याला विनाकारण अपंग ठरवतात. मनःस्थिती तपासण्याच्या १९७५ च्या प्रचलित चाचणीत वाचून सूचना पाळायची असते आणि एक वाक्य लिहायचे असते. निरक्षर आजी त्यात अनुत्तीर्ण होतात, पण त्यांच्या स्मरणशक्तीचा त्याच्याशी संबंध नसतो.

या अडचणीवर भारतातच एक उत्तर शोधले गेले होते, याचे स्मरण फारसे राहिलेले नाही. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड परिसरात भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्पाने निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदी मनःस्थिती चाचणी घडवली. त्याच कामातून दैनंदिन क्षमतांची भारतीय प्रश्नावलीही निघाली. तिच्यात धनादेश आणि टेलिफोन नव्हते. गावात वाट चुकते काय, सणवार लक्षात राहतात काय, असे प्रश्न होते. हा अभ्यास स्मृतिभ्रंशासाठी होता, कर्करोगासाठी नव्हे. परंतु त्यामागची रीत कर्करोगालाही तंतोतंत लागू पडते. आधी त्या माणसाचे जगणे पाहा, मग प्रश्न तयार करा.

संपूर्ण मूल्यमापनाला वेळ आणि माणसे लागतात, तर आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागात रांग संपत नाही. म्हणून पहिली चाळण स्वस्त आणि भाषेवर न विसंबणारी हवी. अशी एक चाळण १९९१ पासून उपलब्ध आहे : रुग्णाने खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे आणि कोणीतरी घड्याळ लावायचे. त्याला साक्षरता लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय कर्करुग्णांसाठी त्यातील धोक्याची रेषा किती सेकंदांवर आखायची, हे मात्र भारतीय रुग्णांच्याच नोंदी ठरवू शकतील. त्या नोंदी जिल्हा रुग्णालयांपर्यंत नियमाने होऊ लागल्या, तर सत्तरीच्या माणसाला त्याच्या जन्मवर्षावरून नव्हे, तर त्याच्या उरलेल्या बळावरून उपचार मिळतील.