जंगलात एकच झाड सापडलं, तेही नर! १८९५ पासून मादीचा पत्ताच नाही

बंगल्याच्या किंवा हॉटेलच्या दारात शोभेसाठी लावलेला सायकस तुम्ही पाहिला असेल. जाड खोड आणि शेंड्यावर झावळ्यांसारखी पानं. त्याचाच दक्षिण आफ्रिकेतला एक नातेवाईक म्हणजे ‘एन्सेफॅलार्टॉस वूडी’. या जातीचं जंगलात आजवर एकच झाड सापडलंय.

कसं सापडलं?

१८९५ मध्ये डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन मेडले वूड यांना झुलूलँडमधल्या न्गोये जंगलाच्या कडेला हे झाड दिसलं. एकाच बेटातून चार खोडं वर आली होती. पुढे त्याची पिल्लं आणि खोडं टप्प्याटप्प्याने बागांमध्ये नेण्यात आली. १९१६ मध्ये शेवटचं खोडही काढून प्रिटोरियाला पाठवलं गेलं आणि जंगलातून ही जात संपली.

मादीच का हवी?

सायकसचा गट दिसायला ताडामाडासारखा, पण तो चीड-देवदारांप्रमाणे अनावृतबीजी आहे. म्हणजे यांना फुलं-फळं येत नाहीत, बिया फळात झाकलेल्या नसतात. चीडच्या एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन्ही शंकू येतात. सायकसच्या गटात मात्र नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. नराचे परागकण मादीच्या बीजांडापर्यंत पोहोचले तरच बी रुजण्याजोगी होते.

वूडीला शंकू येतात, परागही असतात. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये १८९९ साली आलेल्या झाडाला २००४ मध्ये तिथला पहिला शंकू आला. पण पराग पोहोचवायचे कुणापर्यंत?

मग ही जात टिकली कशी?

केळीसारखीच याच्या बुंध्याशी पिल्लं येतात. ती वेगळी करून लावली की नवीन झाड तयार. जगभरातल्या बागांमधली वूडीची झाडं अशीच वाढलेली आहेत. पण ती सगळी त्या एकाच नराच्या नकला. एखादा रोग एका झाडाला झेपला नाही, तर तो इतरांनाही झेपणं कठीण.

आता काय सुरू आहे?

‘एन्सेफॅलार्टॉस नटालेन्सिस’ या जवळच्या जातीच्या मादीशी वूडीचा संकर केला जातो. त्यातून आलेल्या माद्यांचा पुन्हा वूडीशी संकर केला, तर रोपं वूडीच्या जवळ जात राहतात. शंभर टक्के वूडी मात्र होत नाहीत.

दुसरीकडे, इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी न्गोये जंगलाचे ड्रोनने फोटो काढून एआयच्या मदतीने मादीचा शोध घेतला. ती अजून सापडलेली नाही.